बरोबरीत सुटलेली कुस्ती

आज सकाळी खिडकीशी आरसा टेकवून दाढी करत होतो, तेवढ्यात खालच्या रस्त्यानं डफडं वाजत गेलं. दवंडीवाला थांबून थांबून सांगत होता की अनसिंगच्या जत्रेत येत्या बुधवारी कुस्त्यांची दंगल आहे, हिंगोलीपासून अकोल्यापर्यंतचे पहेलवान येणार आहेत, लहानथोर सर्वांनी यावं. दवंडी पुढच्या चौकात गेली तरी माझा वस्तरा गालावरच होता. साबण वाळून कातडी ओढायला लागली तेव्हा भान आलं. बायकोनं आतून विचारलं, "काय झालं, कापलं काय?" मी नाही म्हटलं. दरवर्षी माघात हे असं होतं आणि दरवर्षी मी नाहीच म्हणतो.

माघ हा आमच्याकडे मोकळा महिना. जवारी कापून खळ्यावर आलेली असते. कापसाच्या गाड्या रांगेनं सरकी काढणाऱ्या जिनाकडे जातात आणि वाटेवरच्या बाभळींच्या काट्यांना कापसाचे पुंजके अडकून राहतात. सकाळी घोंगडी सोडवत नाही आणि दुपारी डोक्यावर टोपी हवीशी होते. घराघरातून तुरीच्या शेंगा उकडल्याचा वास येतो. गल्लीत कुठेतरी पिंजारी आपली धनुकली घेऊन बसलेला असतो, कारण नव्या कापसाच्या गाद्या-रजया याच दिवसांत भरतात. ताणलेल्या तातीचा तो एकसुरी आवाज दुपारभर चालू राहतो. शेतातली धावपळ उरकलेली असल्यामुळे ज्याला त्याला काहीतरी खेळायचं असतं, नाहीतर पाहायचं असतं. कुठे शंकरपट भरतो आणि बैलजोड्या उधळतात, कुठे हुतूतूचे डाव रंगतात, आणि या सगळ्यांच्या वर कुस्त्या. या दोन-अडीच महिन्यांचा मी बातमीदार होतो.

पेशानं मी शाळामास्तर. वाशीमच्या शाळेत मराठी आणि भूगोल शिकवायचो. अंगानं काडीपैलवान. लहानपणी रिठदला मामाकडे असताना एकदा हौसेनं आखाड्यात उतरलो होतो, तर उस्तादांनी मला काखेत धरून बाहेर नेऊन ठेवलं आणि म्हणाले, "तू बाहीरून पाह्य बावा. पाहनारा बी लागते." ते मी फारच मनावर घेतलं असं आता वाटतं. पुढे नोकरी लागल्यावर अकोल्याच्या एका साप्ताहिकाला रागानं पत्र लिहिलं की तुमच्या अंकात मुंबईच्या क्रिकेटला अर्धं पान मिळतं, मग आमच्या मातीतल्या कुस्तीनं कुणाचं घोडं मारलं आहे? संपादकांनी पत्र छापलं नाही. उलट टपाली एका ओळीचं उत्तर आलं, "मग तुम्हीच लिहा." मी लिहिलं. 'मैदानावरून' असं सदराला नाव दिलं आणि आमच्या तालुक्यातल्या पहेलवानांची नावं पहिल्यांदा शिशाच्या अक्षरांत उतरली.

आता हसू येतं, पण तेव्हा मला त्याचा केवढा ताठा होता. दंगलीत माझ्यासाठी पंचांच्या शेजारी घोंगडी अंथरलेली असायची. मी वही उघडली की बाजूचे लोक मान लांब करून बघायचे. पहेलवान सलामी द्यायचे ती मातीला, पंचांना आणि मग, जरा डोळ्याच्या कोपऱ्यातून, माझ्या वहीला. मी कुणाची भीड ठेवत नसे. एका गावच्या पाटलानं शंकरपटात आपली जोडी हरल्यावर मला जेवायला बोलावलं होतं. पुरणपोळी, वर तुपाची धार. मी पोटभर जेवलो आणि दुसऱ्या आठवड्यात जोडी कशी हरली ते सविस्तर लिहिलं. पाटील पुढे वर्षभर माझ्याशी बोलले नाहीत. मला त्याचाही आनंदच झाला. मास्तर लिहितो ते खरं, असा माझा लौकिक होता आणि तो मी फेट्यासारखा मिरवायचो.

त्या लौकिकात एक भोक होतं आणि ते मला एकट्यालाच ठाऊक होतं.

आमचं साप्ताहिक शुक्रवारी निघायचं. गुरुवारी सकाळी मजकूर जुळवायचा, संध्याकाळी छापायचा. अनसिंगची दंगल बुधवारी. तिथून अकोल्याकडे जाणारी गाडी पाचच्या सुमारास सुटायची आणि पाकीट त्या गाडीच्या गार्डाच्या हाती दिलं तरच ते वेळेवर छापखान्यात पोचायचं. ती गाडी चुकली की बातमी पुढच्या शुक्रवारी, म्हणजे शिळी. पण शेवटची कुस्ती, जिच्यासाठी सगळी माणसं बसून राहायची, ती लागायची गाडी गेल्यावर आणि सुटायची दिवस मावळताना.

सुटायची म्हणजे बरोबरीत सुटायची. हा तिथला रिवाज होता. शेवटच्या कुस्तीला एक गडी आपल्या बाजूचा आणि एक मोगलाईतला, म्हणजे निजामाच्या मुलखातला, असे जोडीला जोड घेत. दोघांच्या मागे गावंच्या गावं आलेली. एक चीत झाला तर जत्रेत लाठ्या निघायच्या. म्हणून सूर्य बाभळीच्या शेंड्याशी टेकला की पंच उठायचे, दोघांचे हात धरून वर करायचे, दोघांनाही फेटे बांधायचे आणि इनाम वाटून द्यायचे. पहेलवानांनाही हे ठाऊक असे. तासभर जोर लावायचा, लोकांच्या डोळ्यांचं पारणं फेडायचं आणि बरोबरी घ्यायची. कुणी त्याला लबाडी म्हणत नसे. मग मीही काय करायचो, तर शेवटच्या कुस्तीची बातमी आदल्या दिवशी घरीच लिहून ठेवायचो. 'अखेरची कुस्ती अटीतटीची होऊन बरोबरीत सुटली.' जागा सोडून पहेलवानांची नावं तेवढी तिथे भरायची. चारच्या सुमारास स्टेशनवर जाऊन पाकीट द्यायचं आणि आरामात परत येऊन, जी कुस्ती मी लिहून बसलो होतो ती पाहायची. पाच-सहा वर्षं एकदाही चुकलं नाही.

बायको एकदा म्हणाली होती, "आंगुदरच लिहून ठेवता तं मंग जाता कायले तिथं? जिलबी खायाले?" मी तिला म्हटलं, तुला वर्तमानपत्रातलं काय कळतं. ती हसली आणि माझ्या डब्यात धपाटे बांधून दिले.

कासमची आणि माझी ओळख झाली ती त्याच्या हरण्यातून. कासम वाशीमजवळच्या मालेगावचा पिंजारी. उंच, लांब हातांचा, बोलायला लाजरा. दिवसभर कापूस पिंजून पिंजून त्याच्या खांद्यांना असा पीळ पडला होता की वेगळा व्यायाम करायची गरजच नव्हती. त्याचे वडील इमामचाचा एके काळचे नावाजलेले पहेलवान. म्हातारपणी त्यांची नजर गेली आणि जन्मभर नाकात गेलेल्या कापसानं छातीला दमा लागला. घराच्या ओट्यावर बसून ते धनुकलीच्या आवाजावरून सांगायचे की कासमचा हात कुठे ढिला पडला. रिठदच्या जत्रेत कासम एका साध्या गड्याकडून हरला. मी लिहिलं, 'कासम पिंजारी याच्या अंगात ताकद आहे, परंतु लक्ष समोरच्या गड्यापेक्षा प्रेक्षकांत जास्त. दमही कच्चा.' मालेगावच्या मंडळींनी चाचांना येऊन सांगितलं होतं की माती ओली होती, पंच त्यांचेच होते, कासमचा पाय मुरगळला होता. चाचांनी सगळं ऐकून घेतलं. मग शुक्रवारचा अंक आणवून पोस्टातल्या बाबूंकडून वाचून घेतला आणि म्हणाले, "हे खरं. बाकीचे मले आंधळा पाहून गोड बोलून राह्यले."

पंधरा दिवसांनी कासम एक उशी घेऊन माझ्या दारात उभा. नवा कापूस, स्वतः पिंजलेला. मला वाटलं हा भांडायला आला. तो खाली मान घालून म्हणाला, "अब्बानं धाडली. मने, जो मानूस खरं लिहितो त्याले झोप चांगली आली पाहिजे." मी ती उशी घेतली. तिच्यावर डोकं ठेवून मी कितीतरी दिवस छान झोपलो, हे सांगायला आता लाज वाटते.

ते साल दुसऱ्या मोठ्या लढाईच्या चार-पाच वर्षं आधीचं असेल. त्या माघात थंडी लांबली होती. कासमनं मधल्या काळात बऱ्याच कुस्त्या मारल्या होत्या, पण त्या गावोगावच्या लहान जत्रांतल्या. तिथे मी जात नसे, त्यामुळे त्या कुठे छापून आल्या नाहीत. त्याचं नाव कागदावर आलं होतं ते एकदाच, हरण्याचं. त्या वर्षी पंचांनी अनसिंगच्या शेवटच्या कुस्तीला त्याची जोड लावली मोगलाईतल्या सखारामशी. सखाराम म्हणजे भिंत होता. त्याला कुणी हलवलेलंही मी पाहिलं नव्हतं.

चार वाजले. मी पाकीट खिशात घालून स्टेशनकडे निघालो, तर कुस्तीच्या हौदाच्या मागं कासम अंगाला तेल लावत बसलेला. मला पाहून उठला. इकडंतिकडं बघून म्हणाला, "मास्तर, एक सांगू काय? आज मी बराबरी घेनार नाही."

मी म्हटलं, "अरे, सगळेच म्हणतात तसं."

"मी मनून नाही राह्यलो, करनार हाय. पंच उठाच्या आंदी पाडतो त्याले, नाही तं मी पडतो. अब्बा या सालात जातीन मास्तर. हकीम बी तसंच मने. त्यायनं माहं जिकलेलं एकबी खेप कागदातून आयकलं नाही. मी सांगतलं तं मनते, पाहू, कागदात येऊ दे."

माझ्या खिशातल्या कागदावर त्याचं नाव होतं, सखारामचं होतं आणि पुढे बरोबरी होती. मी काय करायला हवं होतं ते शाळेतल्या पहिलीच्या पोरालाही कळलं असतं. पाकीट फोडायचं, शेवटच्या चार ओळी काढायच्या, 'अखेरच्या कुस्तीचा निकाल पुढील अंकी' असं लिहायचं. पण इतक्या वर्षांत माझी बातमी कधी अपुरी गेली नव्हती. आणि खरं सांगायचं तर माझा त्याच्यावर विश्वास नव्हता. मी त्याच्या तेलकट खांद्यावर थाप मारली, "जोरात लढ," म्हटलं आणि स्टेशनवर जाऊन पाकीट गार्डाच्या हातात दिलं.

ती कुस्ती मी किती वेळा आठवली असेल. पहिला अर्धा तास सखारामनं त्याला नुसता मातीत घोळला. कासमच्या तोंडात, नाकात माती. लोकांनी त्याची आशा सोडली होती, मीही. मनातून जरा बरंही वाटलं असेल, की चला, आपली बातमी खरी ठरते. ऊन पिवळं झालं. पंच दोन फेटे घेऊन उठायला लागले, तेव्हा सखारामनं त्यांच्याकडे एकदा पाहिलं. बस, तेवढंच. कासमनं त्याच्या मानेत हात घातला, पायात पाय अडकवला आणि ढाकेचा डाव मारला. एवढं मोठं धूड एकदम फिरलं. पाठ टेकली तेव्हा धप्प असा आवाज आला. डफडीवाला वाजवायचं विसरला. पंचांपैकी एकाच्या हातात दुसरा फेटा तसाच राहिला, तो कुणाला बांधायचा हे त्याला कळेना. लाठ्या काही निघाल्या नाहीत. सखाराम स्वतःच उठला आणि त्यानं कासमला खांद्यावर घेतलं.

खांद्यावरून उतरल्यावर कासम सरळ माझ्याकडे आला. पापण्यांवर माती होती. "मास्तर, पाह्यलं ना तुमी? शुक्रवारी येईन ना कागदात?"

मी म्हटलं, "येईल."

मग मी स्टेशनकडे पळालो. पळालो म्हणजे खरंच पळालो, धोतर सावरत, जत्रेतल्या लोकांना ढकलत. गाडी जाऊन तास होऊन गेला होता. स्टेशनमास्तरांना म्हटलं, अकोल्याला तार करा. ते भले गृहस्थ होते, पण म्हणाले की रेल्वेची तार ही रेल्वेच्या कामासाठी, कुस्तीसाठी नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी वाशीमला तारघर उघडताच तार केली. ती उशिरा, संध्याकाळी पोचली तेव्हा पान छपाईला चढलं होतं. संपादकांनी तार टाचणीला लावून ठेवली, सवडीनं बघू म्हणून.

शुक्रवारी अंक आला. मी तो उघडला नाही, मला पाठ होता. रविवारी सर्व्हिस मोटारीनं मालेगावला गेलो. कासम मोटारीच्या थांब्यावरच भेटला. माझ्यावर चिडला असता तर बरं झालं असतं. तो एवढंच म्हणाला, "अब्बा मले बोलून नाही राह्यले मास्तर. तुमी चाला. तुमी सांगतलं तं मानतीन."

चाचा बाजेवर टेकून बसले होते. श्वासाची घरघर दारापर्यंत ऐकू येत होती. कासमनं मला हाताला धरून आत नेलं आणि सांगितलं, मास्तर आले. मी शेजारी बसलो. म्हटलं, चाचा, कासम जिंकला. मी डोळ्यांनी पाहिलं. ढाक मारून चीत केला त्यानं सखारामला.

"मंग कागदात तसं काहून नाही?"

तिथे मी सांगायला हवं होतं. चाचा, मी न बघता लिहिलं. दरवर्षी न बघता लिहितो. एवढं बोललो असतो तर त्यांनी मानलं असतं. पण त्या घरात बारक्या खिडकीजवळ माझ्या सदराची कात्रणं खिळ्याला टोचून ठेवलेली मला दिसली आणि माझी जीभ रेटली नाही. मी म्हटलं, "छापखान्यात गडबड झाली."

चाचांनी चाचपून माझा हात धरला. त्यांचा तळहात कापसासारखा मऊ असेल असं मला वाटलं होतं, पण तो खरखरीत होता. म्हणाले, "तुमी भले मानूस हा मास्तर. पोरानं आनलं, तुमी आले. पन तुमी लिहिता तवा कोनाचं आयकत नाही. बोलता तवा लोकाइचं मन राखता. मले तुमचं लिहिलेलंच बरं." आणि कासमच्या दिशेनं तोंड करून म्हणाले, "बराबरीत काय खराबी होती? मायाशी खोटं कायले बोलला?"

कासम भिंतीला टेकून उभा होता. त्यानं मान खाली घातली. मला चार वाजता स्टेशनकडे जाताना त्यानं पाहिलं होतं, पण मी छापखान्याची गडबड म्हणालो होतो, म्हणून आता तोही काही बोलू शकत नव्हता. माझ्या इभ्रतीपायी दोघं बापलेक एका खोलीत असे तुटलेले मी पाहिले आणि तरीही चहा पिऊन परत आलो. त्या चहाची चव मला अजून आठवते, आल्याचा होता.

त्यानंतरचे दिवस फार वाईट गेले. शाळेत नकाशा टांगून पोरांना नद्या विचारायचो आणि त्यांची उत्तरं ऐकायचीच राहून जायची. संपादकांना खुलाशासाठी पत्र लिहिलं. त्यांचं उत्तर आलं की जागा नाही, पुढच्या अंकी पाहू, शिवाय चूक कबूल केली की वाचक बाकीच्या बातम्यांवरही शंका घेतात. एक शुक्रवार गेला. मग मी रजा टाकून अकोल्याला गेलो. संपादक जुन्या वळणाचे, स्वच्छ उपरणं घेणारे. त्यांना सगळं सांगितलं, आदल्या दिवशी लिहिण्याचं, गार्डाचं, पाच-सहा वर्षांचं. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "म्हणजे आजवरच्या सगळ्या शेवटच्या कुस्त्या?" मी हो म्हटलं. ते उठले, आत गेले आणि अक्षरं लावणाऱ्या जुळाऱ्याजवळ उभं राहून खुलासा जुळवून घेतला. 'अनसिंग येथील अखेरची कुस्ती कासम पिंजारी, मालेगाव, याने निकाली जिंकली. आमच्या बातमीदाराने ती न पाहता लिहिली होती.' दुसरं वाक्य मीच घालायला सांगितलं. येत्या शुक्रवारी नक्की, असं म्हणून त्यांनी कच्च्या छापाचा एक ओला कागद माझ्या हातात दिला.

परतीची मोटार मालेगाववरूनच यायची. सारी वाट मी तो कागद मांडीवर पसरून वाळवत होतो. कित्येक दिवसांनी हलकं वाटत होतं. आता चाचांजवळ बसायचं, स्वतः वाचून दाखवायचं, दोन्ही वाक्यं, दुसरं जरा मोठ्यानं. हसतील, शिव्या देतील, काय करायचं ते करतील.

गल्लीत वळलो तेव्हा धनुकलीचा आवाज नव्हता. दारात चार माणसं बसलेली. चाचांना आदल्या दिवशी माती दिली होती.

कासम मला परसात घेऊन गेला. तिथे पिंजलेला कापूस कुणीतरी चादरीखाली झाकून ठेवला होता. मी कागद पुढे केला. त्याला वाचता येत नव्हतं. काय आहे ते मी सांगितलं. त्यानं कागदावरून बोट फिरवलं.

"परवा सकाळी अब्बानं मले जवळ बोलावलं," तो म्हणाला. "दम लागून राह्यला होता, तरी बोलले. मने, कासम, मी चाललो. हारलेला पोरगा मागं सोडला तं मले दुख नाही, खोटं बोलनारा नोको. आता तरी सांग. मंग म्या सांगतलं, अब्बा, बराबरीच सुटली. मी खोटं बोललो होतो."

मी त्याच्या हातातल्या कागदाकडे पाहिलं.

"हासले अब्बा. लय दिवसानं हासले. मने, एवढंच? एवढ्यासाठी मले कायले तरसवलं रे बावा? बराबरी काय कमी असते? मंग डोक्श्यावर हात ठेवला माया. लय वेळ ठेवला."

मग त्यानं कागद घडी घालून मला परत दिला. "मास्तर, आता हे छापू नोका."

"काहून रे?" माझ्याही तोंडून त्याचीच बोली निघाली.

"अब्बाले म्या आखरीचं जे सांगतलं ते आता तुमी खोटं पाडसान काय?"

मी त्याला समजावलं. म्हटलं, चाचा आता वाचणार नाहीत, ऐकणार नाहीत. तुझं नाव तरी लोकांत राहू दे. एवढी मोठी कुस्ती मारलीस. तो माझ्याकडे असा बघत राहिला की मी बोलता बोलता थांबलो. त्याला माझा राग नव्हता. मला काही कळत नाही याचं त्याला वाईट वाटत असावं. पोस्ट बंद व्हायच्या आत मी मालेगावहूनच संपादकांना कार्ड टाकलं, की खुलासा छापू नये.

त्यानंतर मी एकही कुस्ती न बघता लिहिली नाही. शेवटच्या कुस्तीची बातमी पुढच्या शुक्रवारी जायची, शिळी. लोक म्हणायला लागले की मास्तर आता थकले. सदराची जागा अर्ध्यावर आली, मग पावावर. लढाई सुरू झाली, कागद मिळेनासा झाला आणि 'मैदानावरून' बंद पडलं. संपादकांनी छान पत्र लिहिलं होतं. मला त्याचं फारसं काही वाटलं नाही. कासमनं कुस्ती त्याच वर्षी सोडली होती. मोटारीतून मालेगाववरून जाताना कधी तो दिसायचा, हात वर करायचा. मागच्या उन्हाळ्यात तो गेल्याचं कळलं, बापासारखाच, छातीनं. तो होता तोवर मी हे कुणाला सांगितलं नाही, बायकोलाही नाही. दंगलीच्या गप्पा निघाल्या की जुनी माणसं अजून म्हणतात, कासम आणि सखाराम, बरोबरीत सुटली होती, मास्तरनंच लिहिलं होतं. मी हो म्हणून मान हलवत आलो.

खुलासा येणार होता त्या शुक्रवारचा अंक मी पाहिला होता. खुलाशाच्या जागी केसांच्या तेलाची जाहिरात बसवली होती. चौकटीला चौकट नीट जुळली होती, तिथे दुसरं काही येणार होतं हे कुणाला कळलंही नसतं. इमामचाचा गेले तेव्हा त्यांच्या लेखी त्यांचा मुलगा खरं बोलणारा होता आणि तेवढ्यासाठी त्या मुलानं आपली जन्माची एक कुस्ती देऊन टाकली. मी पंचांच्या शेजारी, घोंगडीवर, हौदापासून चार हातांवर बसलो होतो. कासम पिंजारी, मालेगाव, यानं ती कुस्ती जिंकली होती.